अमेरिकन नंबर, भारतीय सिम आणि ओटीपी: नव्याने येणाऱ्यांसाठी

ऑगस्टच्या सेमिस्टरला येणाऱ्या मुलामुलींचे मेसेज मला जूनपासूनच यायला लागतात. पहिला प्रश्न भाड्याच्या खोलीचा असतो आणि दुसरा हमखास हा: "ताई, अमेरिकन नंबर नाहीये म्हणून व्हेरिफिकेशन अडलंय. एका साइटवर तात्पुरता नंबर मिळतोय, घेऊ का?"

नका घेऊ. घाई का असते ते मला कळतं. न्यू जर्सीतल्या एडिसन, न्यू ब्रन्सविक भागात खोली शोधायची तर चार साइटवर अकाउंट लागतं आणि प्रत्येक साइट +१ने सुरू होणारा नंबर मागते. पण ज्या साइट फुकट नंबर देतात, तिथे आलेला प्रत्येक मेसेज सगळ्यांना उघडा दिसतो. तुमचा सहा आकडी कोड तुम्ही वाचता, तसाच ते पान उघडून बसलेला दुसरा कोणीही वाचतो. पैसे देऊन आठवड्यासाठी घेतलेला नंबर जरा बरा वाटतो, पण आठवडा संपला की तोच नंबर पुढच्या माणसाला जातो. तुमचं अकाउंट मात्र त्याच नंबरला जोडलेलं राहतं. त्या माणसाने 'पासवर्ड विसरलो' दाबलं की नवा पासवर्ड ठेवायचा कोड त्याच्याकडे जाणार. आणि तुम्हालाच सहा महिन्यांनी नव्या फोनवरून लॉगिन करायचं असेल, तर तो नंबर तुमच्याकडे नसेल. म्हणून कुठेही नंबर टाकण्याआधी एवढंच विचारा: वर्षभराने हा नंबर कोणाच्या हातात असेल?

खोलीचं काम ईमेलवर आणि व्हॉट्सॲपच्या भारतीय नंबरवर बऱ्यापैकी होतं. विद्यापीठाच्या फॉर्ममध्ये भारतीय नंबर चालतो, नंतर बदलता येतो. विमानतळावरून बाहेर पडल्यावर पहिलं काम म्हणजे खरं सिम. प्रीपेड प्लॅनला सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकन सरकार देतं तो ओळख क्रमांक) लागत नाही, आणि महिन्याला १५ ते २५ डॉलरमध्ये विद्यार्थ्याला पुरेल असा प्लॅन मिळतो. हाच तुमचा मुख्य नंबर. बँक, क्रेडिट कार्ड, विद्यापीठ, डॉक्टर, नोकरी, सगळीकडे हाच द्या. पुढे कंपनी बदललीत तरी नंबर पोर्ट करून सोबत न्या, बदलू नका. फक्त जुनं कनेक्शन आधी बंद करू नका. नंबर नव्या कंपनीकडे गेला की ते आपोआप बंद होतं.

आता व्हर्च्युअल नंबर, म्हणजे सिमशिवाय इंटरनेटवर चालणारा. इथे बहुतेकांकडे गूगल व्हॉइस, म्हणजे गूगलने दिलेला असा नंबर असतो. तो अमेरिकेत फुकट मिळतो, पण सुरू करताना आधीचा एक अमेरिकन नंबर जोडावा लागतो, म्हणून तो भारतात बसून नीट सुरू होत नाही. सिम आल्यावर जरूर घ्या. मला तो फार उपयोगी वाटतो, पण फक्त अनोळखी माणसांसाठी. फेसबुक मार्केटप्लेसवर टेबल घ्यायचंय, क्रेगलिस्ट या जाहिरातींच्या साइटवरच्या खोलीची चौकशी करायचीय, गाडीच्या विम्याचे दर विचारायचेत, दुकानातल्या बाई बिल करताना नंबर विचारताहेत, अशा ठिकाणी तो द्या. विम्याच्या एका फॉर्मनंतर महिनाभर फोन वाजत राहतो. तो या नंबरवर वाजू द्या.

बँकेला मात्र तो देऊ नका. दिलात तरी पुष्कळदा कोड येतच नाही, आणि नवीन माणसाला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. कारण साधं आहे. कोणता नंबर मोबाइल कंपनीचा, कोणता लँडलाइन आणि कोणता इंटरनेटवरचा, हे तपासायची सोय कंपन्यांकडे असते. इंटरनेटवरचा नंबर दिसला की अनेक बँका तो घेत नाहीत. काही ठिकाणी नंबर स्वीकारला जातो, पण पाच-सहा आकडी छोट्या क्रमांकावरून पाठवलेला कोड तिथपर्यंत पोहोचत नाही. हा निव्वळ अडेलतट्टूपणा नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७च्या नियमावलीतच लिहिलं होतं की इंटरनेट फोनवर आलेल्या कोडमुळे ठरावीक फोन तुमच्याच हातात आहे हे सिद्ध होत नाही, म्हणून ओळख पटवायला तो वापरू नये.

आणखी दोन गोष्टी. तीन महिने काहीच वापर केला नाही तर गूगल व्हॉइसचा नंबर परत घेतला जाऊ शकतो, तेव्हा अधूनमधून त्यावरून मेसेज करत राहा. आणि वैयक्तिक गूगल व्हॉइसवरून ९११, म्हणजे इथला आणीबाणीचा नंबर, लागत नाही. हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा, विशेषतः आईवडील राहायला आले असतील आणि त्यांच्या टॅबवर हाच नंबर टाकून दिला असेल तर.

याच नंबरवरून नव्या लोकांना फसवतातही, आणि दरवर्षी आपल्यातलं कोणीतरी त्यात सापडतं. समजा, तुम्ही गादी विकायला काढलीत आणि जाहिरातीत नंबर दिलात. दहा मिनिटांत मेसेज येतो: "घ्यायची आहे, पण हल्ली खोट्या जाहिराती फार. तुम्ही खरे आहात हे कळायला एक कोड पाठवतो, तेवढा सांगा." लगेच सहा आकडे येतात. तुम्ही भल्या मनाने ते कळवता. तो कोड गूगल व्हॉइसचा असतो. समोरच्याने तुमच्या नंबरच्या आधारावर स्वतःसाठी व्हर्च्युअल नंबर उघडलेला असतो, आणि पुढे तो त्यावरून इतरांना फसवतो. कोडच्या मेसेजमध्येच 'हा कोणाला देऊ नका' असं लिहिलेलं असतं, पण गिऱ्हाईक हातचं जाईल या घाईत माणूस ते वाचत नाही. ग्राहकांच्या हिताचं काम पाहणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या अमेरिकन सरकारी संस्थेनेही या फसवणुकीबद्दल लोकांना सावध केलं आहे. झालंच असेल तर घाबरू नका. स्वतःच्या गूगल व्हॉइस अकाउंटला तुमचा नंबर जोडा, म्हणजे त्याच्याकडून सुटून तो तुमच्याकडे येतो. गादी घ्यायला येणाऱ्याला तुमचा कोड कधीच लागत नाही.

आता भारतीय नंबर, जो लोक विमानात बसतानाच विसरतात. आधारचा ओटीपी तुमच्या नोंदवलेल्या भारतीय मोबाइलवरच येतो. तिथे कुठलाही व्हर्च्युअल नंबर कामाचा नाही. आयकर विवरण भरल्यावर ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करावं लागतं, आणि बहुतेकजण ते आधार ओटीपीनेच करतात. प्रीपेड नंबर ९० दिवस वापराविना राहिला आणि शिल्लकही नसली तर कंपनी तो बंद करू शकते, आणि बंद झालेला नंबर आणखी ९० दिवसांनी दुसऱ्या कोणाला देता येतो. म्हणजे वर सांगितलेली भाड्याच्या नंबरची गत तुमच्या कॉलेजपासूनच्या नंबरचीही होऊ शकते. निघण्याआधी इंटरनॅशनल रोमिंग सुरू करून घ्या, इथे आल्यावर डेटा रोमिंग बंद ठेवा आणि रिचार्जची तारीख कॅलेंडरमध्ये घाला. रोमिंगमध्ये येणाऱ्या एसएमएसला सहसा पैसे पडत नाहीत, उचललेल्या कॉलला पडतात.

इथे आयफोन घ्यायचा विचार असेल तर आणखी एक. आयफोन १४पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनमध्ये सिम घालायची जागाच नाही. भारतातलं कार्ड त्यात बसणार नाही. तेव्हा पुण्यात किंवा नागपुरात असतानाच, दुकान पायाशी असताना, सिमचं ई-सिम (कार्डाशिवाय फोनमध्येच असणारं सिम) करून घ्या किंवा जुना फोन त्या सिमसाठी जपून ठेवा.

भारतातल्या बँकेच्या बाबतीत तर निवांत बसून एक दिवस द्या. अनिवासी झाल्यावर साधं बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयाचं भारतातल्या पैशांसाठीचं खातं) करावंच लागतं. त्याच वेळी बँकेला अमेरिकन मोबाइल नंबर नोंदवायला सांगा, कारण बऱ्याच बँका अनिवासी खात्याचे ओटीपी परदेशी नंबरवर पाठवतात. जानेवारी २०२३मध्ये यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने एनआरओ आणि एनआरई (परदेशातल्या कमाईसाठीचं) खात्यांसाठी दहा देशांच्या नंबरवर यूपीआय सुरू करायला मुभा दिली, त्यात अमेरिकाही आहे. तुमची बँक ही सोय देते का, ते विचारून घ्या.

हे न करता पुष्कळजण सरळ बाबांचा नंबर बँकेत लावून येतात. मग इथे संध्याकाळी सहाला पैसे पाठवायचे, तिथे पहाटेचे साडेतीन-साडेचार वाजलेले, आणि बाबा चष्मा शोधत फोनवर सहा आकडे वाचून दाखवताहेत. झोपमोडीपेक्षा मला दुसरीच काळजी वाटते. फोनवर ओटीपी वाचून दाखवायची सवय आपणच त्यांना लावतो. उद्या बँकेतून बोलतोय म्हणून दुसऱ्याच कोणाचा फोन आला, तर ते तितक्याच विश्वासाने वाचून दाखवतील. त्यांचा नंबर तुमच्या खात्यातून काढा, आणि काढल्यावर त्यांना फोन करून स्पष्ट सांगा की आता मीही तुम्हाला कधी ओटीपी विचारणार नाही, माझं नाव सांगून कोणी विचारला तरी फोन ठेवून द्या.