सरकारी भरतीत अन्याय झालाय? दाद मागायच्या आधी या चुका टाळा

निकाल लागला, आपलं नाव नाही, आणि आपल्यापेक्षा कमी मार्कवाला मात्र आत गेलाय असं कळलं की डोकं फिरतंच, तीन-चार वर्षं लायब्ररीत घासलेली असतात. पण त्या रागात पोरं सगळ्यात आधीचा प्रश्नच विचारत नाहीत, की या निर्णयाविरुद्ध दाद मागायचा हक्क मला आहे का, आणि असेल तर कुठे. मी हे पोटतिडकीनं लिहितोय कारण माझा रूममेट हातात चांगली केस असून यात सगळं गमावून बसला, त्याचं खाली सांगतोच.

पहिली चूक म्हणजे "भरतीत घोळ झालाय" आणि "माझं नुकसान झालंय" या दोन गोष्टी एकच समजणं. नोकरीच्या प्रकरणात कोर्ट किंवा मॅट (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण) आधी बघतं की तू बाधित व्यक्ती आहेस का. फॉर्म भरला आणि अपात्र ठरवलं, कागदपत्र पडताळणीत बाहेर काढलं, समांतर आरक्षणाची (महिला, खेळाडू, माजी सैनिक वगैरेंसाठी प्रत्येक प्रवर्गाच्या आत राखलेली) जागा चुकीच्या प्रवर्गात मोजली म्हणून नंबर हुकला, प्रतीक्षा यादीत वर असून खालच्याला बोलावलं, असे सगळे बाधित. ज्यानं फॉर्मच भरला नाही तो साधारणपणे नाही. अपवाद असा की जाहिरातीतली अटच तुला बाहेर ठेवत असेल, वयाची म्हणा किंवा शिक्षणाची, तर त्या अटीलाच आव्हान देता येतं, पण ते शेवटच्या तारखेच्या आत, आणि फॉर्म तात्पुरता तरी स्वीकारा अशी अंतरिम मागणी करून. निकाल लागल्यावर नाही.

स्वतःला तपासायची माझी पद्धत सोपी आहे, चूक दुरुस्त करून यादी परत लावली तर माझा नंबर लागायची खरोखर शक्यता आहे का ते बघायचं. कट ऑफ १४२ आणि तुला ९६ असतील तर निवड झालेल्यातल्या एकाचा दाखला खोटा निघाला तरी तुझ्या हातात काही येत नाही. आणि "मग जनहित याचिका करू" हे ग्रुपवर कोणी ना कोणी म्हणतंच, तर सर्व्हिस मॅटरमध्ये, म्हणजे नोकरीच्या प्रकरणात, ती चालत नाही, प्रशासकीय न्यायाधिकरणापुढे तर नाहीच, हे सुप्रीम कोर्टानं १९९८ मध्येच सांगून ठेवलंय. त्रयस्थ माणसाला एकच वाट उरते, एखादा माणूस कायद्यानं लागणारी पात्रताच नसताना सार्वजनिक पदावर बसला असेल तर हायकोर्टात अधिकारपृच्छा, म्हणजे "तू कुठल्या अधिकारानं या पदावर आहेस" असं विचारणारी याचिका. पण त्यातून त्याची खुर्ची जाते, तुला नोकरी लागत नाही.

मग येतं चुकीचं दार. सरकारी भरती म्हटलं की सगळे "मॅटला जा" सांगतात आणि इथेच महिने जातात. मॅट १९८५ च्या प्रशासकीय न्यायाधिकरण कायद्याखाली चालतं, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला बसतं, आणि राज्य शासनाच्या पदांपुरतं आहे, म्हणजे राज्यसेवा, तलाठी, पोलीस शिपाई, पोलीस पाटील सुद्धा. जिल्हा परिषदेचा ग्रामसेवक किंवा शिक्षक, महानगरपालिकेचा क्लार्क, हे राज्य शासनाचे कर्मचारी नाहीत, त्यांना हायकोर्टात रिट याचिका करावी लागते. जिल्हा न्यायालयातल्या लिपिक-शिपायाच्या भरतीलाही हेच, कोर्टाचे कर्मचारी त्या कायद्यातून वगळलेत. रेल्वे, पोस्ट, इन्कम टॅक्स असं केंद्राचं असेल तर कॅट (केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण). आणि मॅटचा विषय असताना थेट हायकोर्टात गेलात तर परत पाठवतात, कारण १९९७ पासून नियम पक्का आहे, आधी न्यायाधिकरण आणि तिथल्या निकालावर हायकोर्टाचं खंडपीठ. जाहिरात उघडा आणि नियुक्ती देणारा अधिकारी कोण आहे ते बघा, बरंचसं तिथेच कळतं.

आता वेळ, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त पोरं इथेच मरतात. मॅट-कॅटमध्ये मुदत १ वर्षाची आहे, ज्या आदेशानं नुकसान झालं त्याच्या तारखेपासून. रीतसर अपील किंवा निवेदन दिलं आणि ६ महिने काहीच उत्तर नाही, तर ते ६ महिने संपल्यापासून १ वर्ष. माझा रूममेट प्रतीक्षा यादीत होता, त्यानं एक निवेदन दिलं, मग स्मरणपत्र, मग आमदारांचं पत्र जोडून आणखी एक, प्रत्येक वेळी ऑफिसातून "फाईल वर पाठवलीये" ऐकून परत यायचा, आणि त्याला मनापासून वाटायचं की जोपर्यंत मी पत्रं देतोय तोपर्यंत माझं घड्याळ थांबलंय. नाही थांबत. सुप्रीम कोर्टानं १९८९ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठासमोर हे स्पष्ट केलंय की कायद्यात नसलेली निवेदनं पुन्हा पुन्हा दिल्यानं मुदत वाढत नाही. त्याला उशीर माफ करा असा वेगळा अर्ज द्यावा लागला, कारणं पटली नाहीत आणि मूळ मुद्द्यावर कोणी बोललंच नाही. निवेदन द्या, पण एकच द्या, पोच घ्या, आणि त्याच आठवड्यात वकिलाला भेटा. माहिती अधिकाराचंही तसंच, अर्ज टाका, ३० दिवसांत उत्तर यायला हवं, पण त्या उत्तरासाठी केस अडवून ठेवू नका, कागद नंतर जोडता येतात.

आणखी एक, जी ऐकायला कठोर वाटते. निवड पद्धत माहीत असून परीक्षा दिली, मुलाखत दिली, नापास झालो आणि मग म्हणतोय पद्धतच चुकीची, हे कोर्ट सहसा ऐकून घेत नाही. पण यावरून "भाग घेतला म्हणजे संपलं" असं कोणी सांगत असेल तर तेही अर्धवट आहे. २०१९ च्या बिहारच्या डॉक्टर भरतीच्या निकालात सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की भाग घेणं म्हणजे पद्धत मान्य करणं, तिच्यातला बेकायदेशीरपणा मान्य करणं नव्हे. आणि मध्येच निकष बदलले असतील तर नोव्हेंबर २०२४ चा घटनापीठाचा निकाल हाताशी ठेवा, नियमात किंवा जाहिरातीत तशी मुभा नसेल तर प्रक्रिया सुरू झाल्यावर पात्रतेचे निकष बदलता येत नाहीत.

पार्टी, म्हणजे केसमधला पक्षकार, कोणाला करायचं यातही केसेस पडतात. एमपीएससी फक्त शिफारस करते, नियुक्ती शासन देतं, म्हणून आयोग आणि त्या विभागाचे सचिव दोघंही हवेत. शिवाय तू जिंकल्यावर ज्याची जागा जाणार त्यालाही पार्टी करावंच लागतं, खूप जण असतील तर निदान काही जणांना प्रतिनिधी म्हणून. पोरांना हे नको वाटतं, बरोबर अभ्यास केलेलाच कोणीतरी असतो समोर, मला समजतं ते, पण त्याचं ऐकून न घेता त्याची नोकरी काढा असं कुठलंच न्यायालय म्हणणार नाही आणि म्हणूही नये.

उत्तरतालिकेबद्दल थोडक्यात, हरकतीच्या मुदतीत पुरावा जोडून हरकत घेतली नसेल तर पुढे फार अवघड, आणि उत्तर चुकीचंच आहे हे लख्ख दिसत नसेल तर कोर्ट स्वतः पेपर तपासायला बसत नाही. निवड यादीत नाव आलं म्हणजे नियुक्तीचा पक्का हक्क आला हाही गैरसमज, १९९१ पासून कायदा असा आहे की सरकार जागा रिकामी ठेवू शकतं, फक्त मनमानी कारणानं नाही.

वकील परवडत नसेल तर मॅटमध्ये स्वतः उभं राहून बाजू मांडता येते, कायद्यात तशी सोय आहे, आणि एकाच कारणानं बाधित झालेले काही जण परवानगी घेऊन एकत्र अर्ज करू शकतात म्हणजे खर्च वाटला जातो. जॉइनिंग व्हायच्या आधी गेलात तर निदान नियुक्त्या अर्जाच्या निकालाच्या अधीन राहतील एवढा अंतरिम आदेश मागा. सगळ्या भरतीला स्टे मिळणं फार अवघड असतं, हा छोटा आदेश त्या मानानं लवकर मिळू शकतो.