जुना गार्डन ट्रॅक्टर: उन्हाळ्यात गवत, हिवाळ्यात बर्फ

मिशिगन, ओहायो, ऑन्टॅरिओ अशा ठिकाणी जरा मोठं आवार असलेलं घर घेतलं की दोन कामं गळ्यात पडतात. एप्रिलपासून गवत आणि डिसेंबरपासून ड्राइव्हवेवरचा बर्फ. त्यासाठी दोन नवी यंत्रं घेण्यापेक्षा सत्तर-ऐंशीच्या दशकातला एखादा दणकट गार्डन ट्रॅक्टर घ्यावा, असं माझं मत आहे. कब कॅडेट (इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या काळातला), जॉन डिअरचा ११० किंवा ३०० मालिकेतला एखादा, व्हील हॉर्स, सिम्प्लिसिटी ही त्यातली नेहमीची नावं. आज दुकानात मिळणारा स्वस्त लॉन ट्रॅक्टर दिसायला तसाच असतो, पण त्याची चौकट पातळ पत्र्याची आणि गिअरबॉक्स हलका. पुढे ब्लेड लावून बर्फ ढकलायचा, तर तो फार दिवस टिकत नाही.

घेताना ट्रॅक्टरइतकंच लक्ष जोडअवजारांकडे द्या. गवताचा डेक (गवत कापणारी पाती असलेला खालचा भाग), बर्फ ढकलायचं ब्लेड किंवा बर्फ उडवून लांब फेकणारा स्नो ब्लोअर आणि मुख्य म्हणजे ते बसवायचे ब्रॅकेट, पुल्या, पट्टे हे सगळं सोबत मिळत असेल तर रंग उडालेला ट्रॅक्टरही चालेल. ब्रॅकेट हरवलेला ब्लोअर म्हणजे अंगणातलं भंगार.

आधी वीज, मग इंजिन

या ट्रॅक्टरांचं बिडाचं इंजिन सहसा दगा देत नाही. जानेवारीत ट्रॅक्टर सुरू होत नाही तेव्हा दोष बहुतेक वेळा गंजलेल्या वायरीचा असतो. म्हणून ऑक्टोबरमध्ये पहिला हात तिथे घाला.

बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा, मग पॉझिटिव्ह. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खायच्या सोड्याच्या पाण्याने आणि तारेच्या ब्रशने साफ करा. मग निगेटिव्ह वायर चौकटीला जिथे जोडली आहे तो बोल्ट शोधा. बहुतेकदा तो बॅटरीच्या ट्रेखाली मातीत आणि गंजात लपलेला असतो. तो खोलून खालचा रंग आणि गंज कानशीने घासा, लोखंड चकचकीत दिसेपर्यंत. दातेरी वॉशर घालून घट्ट आवळा आणि वरून ग्रीसचा हात फिरवा. बॅटरी जोडताना क्रम उलटा: पॉझिटिव्ह आधी. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी, ट्रॅक्टर बंद असताना, मीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन जरा वेगात चालवल्यावरही आकडा वर चढत नसेल तर चार्जिंगमध्ये घोटाळा आहे. जुन्या कब कॅडेट आणि व्हील हॉर्सवर स्टार्टर आणि जनरेटर एकच असतो आणि पट्ट्यावर चालतो. तिथे आधी पट्टा सैल आहे का ते बघा.

आता पॉइंट, म्हणजे उघडझाप करून प्लगला ठिणगी देणारे छोटे संपर्क. यातल्या बऱ्याच ट्रॅक्टरांवर कोलर कंपनीचं के मालिकेतलं एकसिलिंडरी इंजिन आहे. त्याच्या ब्लॉकच्या बाजूला छोटं झाकण असतं, ते काढलं की पॉइंट समोर दिसतात. स्पार्क प्लग काढून ठेवा, म्हणजे इंजिन हाताने सहज फिरेल. फ्लायव्हील हळूहळू फिरवून पॉइंट जास्तीत जास्त उघडतील तिथे थांबा. फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांच्या मापाने) फट मोजा. ती ०.०२० इंच, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर हवी. गेजची पाती किंचित अडत सरकली पाहिजे. स्क्रू आवळताना फट हमखास बदलते, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा. शेवटी कोरं व्हिजिटिंग कार्ड पॉइंटमध्ये धरून ओढून काढा. बोटाचं तेल तिथे राहिलं तरी ठिणगी कमजोर पडते.

ऑइलचं थोडक्यात: या इंजिनात उन्हाळ्यात एसएई ३०, थंडीत ५डब्ल्यू-३०. हायड्रोस्टॅटिक गिअर (ऑइलच्या दाबावर चालणारा) असेल तर त्यात कंपनीने सांगितलेलंच ऑइल घाला. कब कॅडेटला हाय-ट्रान नावाचं ऑइल लागतं, दुसरं काही नको. ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय, तेव्हा ते बदला. इथल्या पेट्रोलमध्ये साधारण १० टक्के इथेनॉल असतं आणि ते ओलावा शोषतं, म्हणून डब्यातल्या पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर टाका.

बर्फासाठी सज्जता

बर्फात हॉर्सपॉवरपेक्षा पकड महत्त्वाची. पुढे ब्लोअर लटकला की भार पुढच्या आसाकडे जातो, मागची चाकं हलकी होतात आणि लॉनचे टायर जागीच गरगरतात. त्यावर दोन उपाय, आणि दोन्ही लागतात: मागच्या टायरना चेन आणि मागे वजन. वजनासाठी काही जण टायरमध्ये द्रव भरतात. कॅल्शियम क्लोराइड जड आणि स्वस्त, पण रिम खातं. बीटच्या रसाचा द्रव गोठत नाही, गंजवतही नाही, पण महाग पडतो. गाडीचं नेहमीचं अँटिफ्रीझ मात्र नको. गळलं तर त्याच्या गोड चवीने शेजारचं कुत्रं ते चाटेल, आणि ते जिवावर बेततं. त्याच ट्रॅक्टरने गवतही कापायचं असेल तर चाकाला बोल्टने लागणारी लोखंडी वजनं सगळ्यात सोयीची. वसंतातल्या ओल्या लॉनवर जड ट्रॅक्टर चाकोऱ्या पाडतो. ही वजनं एप्रिलमध्ये उतरवता येतात.

ब्लेड की ब्लोअर? ड्राइव्हवे छोटा आणि बर्फ बेताचा असेल तर ब्लेड पुरे. पण पहिल्याच बर्फाला ढीग शक्य तितका लांब ढकला. तो गोठतो, आणि जानेवारीत पुढच्या बर्फाला जागाच उरत नाही. ब्लोअरला ही अडचण नाही, पण ओला बर्फ तो बाहेर फेकणाऱ्या नळीत चिकटून बसतो. नळीला आतून सिलिकॉनचा फवारा मारला की बराच फरक पडतो. ब्लोअरला जमिनीपासून वर धरणारे खालचे स्किड शू डांबरी रस्त्यावर काही मिलिमीटर उंचीवर ठेवा, खडीच्या रस्त्यावर दोन-तीन सेंटिमीटर. नाहीतर खडी शेजाऱ्याच्या खिडकीत जाते. शिअर बोल्ट (ब्लोअर अडकला की मुद्दाम आधी तुटणारा) तुटला तर त्याच जातीचा बसवा. हार्डवेअरच्या दुकानातला कडक बोल्ट तुटत नाही, त्याच्याऐवजी गिअरबॉक्स तुटतो.

नळी तुंबली तर इंजिन बंद, किल्ली खिशात, सगळं फिरायचं थांबलं की काठीने मोकळी करा. हात कधीच नाही. थंडीत ट्रॅक्टर गॅरेजमध्ये गरम करत बसू नका, दार उघडं असलं तरी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

सीटखालचा सुरक्षा स्विच आधीच्या मालकाने वायर जोडून निकामी केलेला असतो, हे फार वेळा दिसतं. असा स्विच तुमच्या मॉडेलला मुळात होता का ते मॅन्युअलमध्ये बघा आणि असेल तर पूर्ववत करा.

एप्रिलमध्ये

ब्लोअर उतरवा, चेनला तेल द्या, ओरखडे पडले तिथे रंग लावा, नाहीतर उन्हाळाभर गंज चढत राहतो. डेक बसवण्याआधी उलटा करून चिकटलेलं गवत खरवडा आणि पात्यांच्या बेअरिंगच्या निपलांत ग्रीस भरा. पाती बोथट आहे का, ते गवतच सांगतं: कापल्यावर टोकं फाटकी आणि दुसऱ्या दिवशी पांढुरकी दिसतात. पातं काढून मूळ उताराप्रमाणेच कानस मारा. वस्तऱ्याची धार नको, लोणी लावायच्या सुरीइतकी पुरे. मग मधल्या भोकातून खिळ्यावर टांगा. एक बाजू खाली झुकली तर तिकडचं लोखंड थोडं कमी करा. असमतोल पातं बेअरिंग खातं.

डेकची पातळी पाहण्याआधी चारही टायरची हवा मोजा. पुढचं टोक मागच्यापेक्षा तीन ते सहा मिलिमीटर खाली असावं. केंटकी ब्लूग्रास आणि फेस्क्यू ही लॉनची गवतं तीन इंचांच्या आसपास ठेवा आणि एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त कापू नका.

सुटे भाग मागवताना ट्रॅक्टरचं मॉडेल सांगून भागत नाही. इंजिनच्या पत्र्यावरच्या पट्टीवर स्पेक नंबर कोरलेला असतो, तो पुसून नीट वाचा आणि फोनमध्ये फोटो काढून ठेवा. एकाच मॉडेलवर वेगवेगळ्या वर्षी वेगळा कार्बोरेटर बसलेला असू शकतो.