कोकणात इलेक्ट्रिक एसयूव्ही आणताय? मग आधी घर तयार करा

गाडी बुक केली की वेटिंगचे दिवस लोक रंग, मॅट, सीट कव्हर, सनशेड यातच घालवतात आणि घराच्या वायरिंगकडे बघतात कधी, तर डिलिव्हरीची तारीख आल्यावर. शहरात खपून जातं एखादवेळी, कोपऱ्यावर चार्जर असतो. गावच्या घरी नाही चालत. आमच्याकडे महिंद्राची एक्सईव्ही ९ई आहे, ७९ युनिटची मोठी बॅटरी, घर गुहागर तालुक्यात, आणि आजूबाजूला ज्यांनी टाटाची कर्व्ह, हॅरियर, महिंद्राची बीई ६ अशा इलेक्ट्रिक गाड्या घेतल्यात त्यांच्याशी सारखं बोलणं होत असतं, त्या सगळ्यातून ही तयारी लिहितोय. गाड्या चांगल्या आहेत हो, प्रश्न गाडीचा नसतो, गाडी जिथे उभी राहणार त्या जागेचा असतो.

सगळ्यात आधी अर्थिंग. यावर मी जरा जास्तच लिहिणार आहे कारण आपल्याकडच्या बऱ्याचशा तक्रारी इथेच सुरू होतात. चार्जर करंट सोडायच्या आधी अर्थ तपासतो, नीट मिळाला नाही तर लाल दिवा लावून गप्प बसतो, गाडीत बिघाड काहीच नसतो पण माणूस घाबरून शोरूमला फोन लावत बसतो. आता आपल्या घराखाली काय, तर जांभा. जांभा पावसाळ्यात पाणी पितो आणि दिवाळीनंतर हळूहळू सगळं खाली सोडून देतो, मार्च ते मे ठणठणीत कोरडा, आणि कोरड्या दगडातून करंट जमिनीत जाणार कसा. म्हणून ऑगस्टमधे मीटर लावून "एकदम मस्त आहे तुमचं अर्थिंग" म्हणणाऱ्याचं ऐकू नका, रीडिंग एप्रिल-मे मधलंच धरा. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधे मल्टीमीटर लावला की २-३ व्होल्टच्या आत आलं पाहिजे, आणि तेही विहिरीचा पंप, गीझर सगळं चालू ठेवून बघा, नुसतं शांत घरात नको.

आमचा वायरमन जुना माणूस, तो जागा बघूनच म्हणाला, "भाऊ, कातळात प्लेट गाडून काय उपयोग नाय, माती असंल तिथं जाऊया." शंभर टक्के बरोबर. माडांच्या आळ्यांजवळ, विहिरीच्या कडेला किंवा मोरीचं पाणी जिथे मुरतं तिथे ओल बारा महिने असते, खड्डा तिथे घ्या, ८-१० फूट खोल मिळाला तर उत्तम, आणि तिथपासून चार्जरपर्यंत तांब्याची जाड वायर आणा. अंतर वाढतं, खर्च वाढतो, पण तोच खर्च खरा कामाचा. समुद्राजवळ जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) पाइप लवकर गंजतो, जमत असेल तर तांब्याची प्लेट किंवा केमिकल अर्थिंग (ओल धरणारी पावडर भरून केलेलं) करून घ्या, आणि उन्हाळ्यात खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतायचं हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. आणि एक अगदी कळकळीने सांगतो, काही वायरमन अर्थ मिळत नाही म्हणून न्यूट्रलच अर्थला जोडून देतात, चार्जर फसतो आणि चार्जिंग सुरू होतं, मालक खूश. हे कधीही करू देऊ नका. पावसात कुठे फांदी पडून न्यूट्रल तुटला तर तोच करंट गाडीच्या पत्र्यावर येऊ शकतो, आणि गाडीला हात कोण लावतं तर घरातली पोरं.

अर्थिंग झालं की महावितरणकडे मंजूर भार किती आहे ते बिलावर बघा. जुन्या घराला बहुतेक सिंगल फेज आणि दोन-तीन किलोवॉटचा भार असतो, त्यावर ७.२ किलोवॉटचा चार्जर बसत नाही, पंप चालू झाला की सगळंच बसतं. थ्री फेजचा किंवा भार वाढवायचा अर्ज ऑनलाइन होतो पण खांब लांब असेल तर साहेब येऊन बघून जाणार, मग कोटेशन, मग केबल, म्हणून बुकिंग केल्या दिवशीच अर्ज टाका. ११.२ किलोवॉटचा चार्जर घेताय तर थ्री फेज लागणारच. चार्जरसाठी डीबीपासून (घराच्या मुख्य स्विचबोर्डापासून) वेगळी लाइन, ७.२ ला निदान ६ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, घर आणि पार्किंग लांब असेल तर १०, वेगळा एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच), ३० मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा) आणि विजेचा झटका अडवणारा सर्ज प्रोटेक्टर. सर्ज प्रोटेक्टर लोक पैसे वाचवायला गाळतात आणि आपल्याकडे मे अखेर आणि ऑक्टोबरमधे विजा कशा पडतात ते तुम्हाला मी सांगायला नको. तरीही गडगडाट सुरू झाला की प्लग काढून ठेवा.

बिलाचंही आधीच समजून घ्या. आम्हाला एका युनिटला साधारण ६ किलोमीटर मिळतात, म्हणजे महिन्याला १००० किलोमीटर फिरलात तर दीडशेच्या वर युनिट वाढले, आणि घरगुती दर स्लॅबने चढतात, १०० युनिटच्या आतलं घर थेट १०१ ते ३०० मधे जातं. डिझेलपुढे हे काहीच नाही पण पहिलं बिल बघून घरातली वडीलधारी मंडळी दचकतात, आधी सांगितलेलं बरं. छपरावर सोलर बसवायचा विचार असेल तर पीएम सूर्य घर योजनेत ३ किलोवॉट आणि त्यावरच्याला ७८,००० पर्यंत अनुदान आहे, फक्त आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने उत्पादन पडतं तो हिशोब धरून चाला.

चार्जर लावायची जागा पण महत्त्वाची. पाऊस आपल्याकडे पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून झोडपतो, त्या बाजूच्या भिंतीवर डबा ठोकला तर झड थेट आत. पूर्वेकडची भिंत किंवा पडवीच्या आतली बाजू घ्या, वर छोटा पत्रा काढा आणि केबल आत शिरते ते भोक नीट बुजवून घ्या कारण मुंग्या आणि पाली आत घर करतात. गाडी माडाखाली उभी करू नका, या नव्या एसयूव्हींना वरती सगळी काच असते, एक नारळ पुरे. आंब्याखालीही नको, चीक रंग खातो. आणि उंदीर! पावसात उबेला गाडीच्या बोनेटखाली येऊन बसतात आणि वायरी कुरतडतात, हाय व्होल्टेजच्या केशरी केबल काही स्वस्तातलं काम नाही, तेव्हा गाडीजवळ भाताची पोती, सुपारी, नारळाची रास ठेवू नका.

डिलिव्हरीच्या दिवशी काय बघायचं ते थोडक्यात. चार्जर आणि त्याचं इन्स्टॉलेशन किमतीत आहे की वेगळं ते लेखी घ्या, १५ अँपच्या सॉकेटवर चालणारी पोर्टेबल केबल मिळते का विचारा, ती असलीच पाहिजे, पाहुण्यांकडे गेलात की तोच आधार. स्टेपनी आहे का डिकी उघडून बघा, बऱ्याच नव्या ईव्हीत नुसतं पंक्चर किट येतं. आमच्या गाडीला १९ इंची टायर आहेत आणि तसा टायर खेडेगावातल्या पंक्चरवाल्याकडे पडून नसतो, कडेला फाटला तर किटचाही उपयोग नाही, म्हणून चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ यापैकी जवळ पडेल तिथला एक टायरवाला आधीच बघून त्याचा नंबर घेऊन ठेवा. रोडसाइड असिस्टन्सला स्पष्ट विचारा की आमच्या गावापर्यंत फ्लॅटबेड येईल का, कारण ईव्ही चाकं जमिनीवर ठेवून ओढत न्यायची नसते. इन्शुरन्समधे पाण्यामुळे बॅटरी आणि मोटरला होणारं नुकसान धरलंय का ते वाचा, २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीने चिपळूणचं काय केलं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

चार्जिंगच्या सवयी बॅटरीच्या जातीप्रमाणे. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) असेल तर अधूनमधून १०० टक्के भरणं चांगलं, म्हणजे गाडीला आपली खरी पातळी कळत राहते, एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) असेल तर रोज ८० ला थांबवा. घरी ७.२ वर ७९ युनिटची बॅटरी रिकामी ते पूर्ण म्हणजे अकरा-बारा तास, रात्र निघून जाते, १५ अँपवर चोवीस तासांच्या वर.

आता रस्ता. कागदावर आमच्या गाडीची रेंज ६५६ किलोमीटर आहे, चार माणसं, सामान, एसी आणि मुंबई-गोवा हायवे धरून मी ४५० च्या पुढे हिशोब करत नाही आणि तेवढ्यात पनवेल ते चिपळूण आरामात होतं, वर उरतं. तळकोकणात जाणाऱ्यांनी मधे एक थांबा धरा. गाडी १७५ किलोवॉट घेते आणि २० ते ८० टक्के २० मिनिटांत होतं असं कंपनी सांगते ते खरं आहे पण समोरचा चार्जर तेवढा हवा ना, हायवेला ६० किलोवॉटचे किंवा ३० चे जास्त दिसतात, ६० वर पाऊण ते एक तास धरा, दुसरी गाडी शेजारी लागली तर पॉवर वाटली जाते ते वेगळंच. दोन-तीन कंपन्यांची अ‍ॅप घरूनच टाका, वॉलेटमधे पैसे भरून ठेवा आणि जे कार्ड देतात त्यांचं कार्ड घ्या कारण चार्जर आहे पण मोबाइलला रेंज नाही असं आपल्याकडे होतंच. निघायच्या आदल्या रात्री अ‍ॅपमधे त्या चार्जरवर शेवटचं चार्जिंग कधी झालं ते बघा, नुसता हिरवा टिपका बघून जाऊ नका. आणि त्याच्यापुढचा दुसरा चार्जर गाठता येईल एवढी बॅटरी राखूनच पहिल्यावर पोचा. मुंबईहून अटल सेतूने येणार असाल तर इलेक्ट्रिक गाड्यांना तिथे २०२५ च्या ऑगस्टपासून टोल माफ आहे.

घाटाचं गणित सोपं आहे पण करून ठेवा. सव्वादोन टनाची भरलेली गाडी कुंभार्ली किंवा आंबा घाटातून साडेसहाशे मीटर वर न्यायची तर नुसत्या चढाला ४ ते ५ युनिट जातात, म्हणजे पंचवीस-तीस किलोमीटरची रेंज घाटातच गेली. स्क्रीनवर टक्के भराभर उतरताना बघून घाबरायचं नाही. उतरताना रीजनने (मोटरच वीज बनवून बॅटरीत भरते त्याने) त्यातलं बरंच परत येतं, मात्र बॅटरीत जागा असेल तर. घाटमाथ्यावर १०० टक्के भरून लगेच खाली निघालात तर रीजन जवळपास बंद, ब्रेक सगळा पायावर, म्हणून वर मुक्काम असेल तर ८०-८५ ला थांबवा.

फेरीबोटीने जाणारे असाल, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, वेश्वी-बागमांडला, आगरदांडा-दिघी, कुठलीही, तर चिपळूणचा किंवा महाडचा केवढा वळसा वाचतो, ईव्हीला तर तेवढी बॅटरीच वाचली. ओहोटीला जेट्टीचा उतार जास्त लागतो तेव्हा पुढचा बंपर घासणार नाही असं हळू तिरकं चढवा, बोटीवर गिअरचा पी (पार्क) आणि हँडब्रेक दोन्ही, आणि घरी आलात की गोड्या पाण्याने खालून धुवा. किनाऱ्यावर वाळूत गाडी घालणं हा प्रकार तर नकोच, एवढी जड गाडी रुतली की भरतीच्या आत काढायला ट्रॅक्टर शोधत फिरायचं आणि खाऱ्या पाण्यात बॅटरीचा डबा बुडवायचा, कशासाठी?

पावसाळ्याची तयारी मे महिन्यातच. जून ते सप्टेंबर आमची गाडी ५० टक्क्यांच्या खाली ठेवत नाही, लाइट कधी जाईल आणि कधी येईल सांगता येत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडची गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. हवामान खात्याचा इशारा आला की गाडी पूर्ण भरा, प्लग काढा, झाडांपासून लांब उंचावर लावा. घरातल्या इन्व्हर्टरवर गाडी चार्ज होत नाही, उलट ज्या गाड्यांना व्हीटूएल (गाडीच्या बॅटरीवर घरातली उपकरणं चालवायची सोय) आहे त्यांनी ते अ‍ॅडॉप्टर आधीच घेऊन ठेवा, फ्रीज आणि मोबाइल चालतात. रस्त्यातल्या मोरीवरून पाणी जात असेल तर बॅटरी आयपी ६७ (पाणी आत न शिरण्याचं रेटिंग) आहे म्हणून गाडी घालू नका, ते रेटिंग उभ्या पाण्यातल्या चाचणीचं असतं, वाहत्या लोंढ्याचं नाही, आणि मोठी गाडीसुद्धा वाहून जाते.

गणपतीला मुंबईहून येणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो कारण त्या चार दिवसांत हायवेचे सगळे चार्जर भरलेले असतात. घरून १०० टक्के भरून निघा, पहिला थांबा पनवेल सोडल्यावर लगेच नको आणि अगदी शेवटी पण नको, रात्री दोन-तीनला चार्जर रिकामे मिळतात तसं निघायची वेळ बसवा. ट्रॅफिकमधे तासन्‌तास उभं राहण्याची भीती बाळगू नका, उभ्या गाडीत एसीला तासाला एक-दीड युनिट लागतं फार तर. गावी पोचल्यावर वाडीत सगळ्यांचेच फ्रीज, पंप, रोषणाई चालू, संध्याकाळी व्होल्टेज पडतं, तेव्हा आरती, जेवणं होऊन मंडळी झोपली की मग चार्जिंग लावा, गाडीच्या सेटिंगमधे अँप कमी करून ठेवा म्हणजे शेजारच्यांचे दिवे मंदावणार नाहीत, आणि भाऊबंदांपैकी आणखी कोणी ईव्ही घेऊन येणार असेल तर कोणाची गाडी कुठल्या रात्री लागणार हे निघायच्या आधीच फोनवर ठरवून टाका.