साडीला घरच्या घरी फॉल कसा लावायचा (आणि चुण्या का पडतात)

फॉल लावणं, म्हणजे साडीच्या खालच्या काठाला आतून कापडाची पट्टी शिवणं, दिसायला इतकं सोपं आहे की त्याबद्दल कोणीही काहीही सल्ला देतं. कोणी म्हणतं इस्त्रीने चिकटणारी टेप लावा, कोणी फॅब्रिक ग्लू सांगतं, कोणी तंगूससारखा पारदर्शक दोरा वापरायला सांगतं म्हणजे टाके दिसत नाहीत म्हणे. टाके दिसत नाहीत हे खरं, पण दोऱ्याची टोकं पायाला टोचतात आणि इस्त्री जरा जास्त तापली की तो दोरा वितळतो. साधा दोरा, बारीक सुई आणि जेवणं उरकल्यावरची एक निवांत दुपार, एवढ्यावर काम होतं. मी घरच्या, माहेरच्या आणि बिल्डिंगमधल्या निम्म्या बायकांच्या साड्यांना फॉल लावलेत, रोजच्या सिंथेटिकपासून येवल्याच्या पैठणीपर्यंत, त्यामुळे काय चालतं आणि काय नाही हे आता मला कोणाला विचारावं लागत नाही.

फॉल आणायला जाताना साडी सोबत न्या. फोटो दाखवून रंग जुळत नाही, मेन रोडच्या गर्दीत साडी पिशवीतून काढायची लाज वाटली तरी काढा, आणि दुकानातल्या ट्यूबलाइटखाली न बघता दोन पावलं बाहेर येऊन उजेडात बघा. रंग साडीच्या अंगाशी नाही, खालच्या काठाशी जुळवायचा. फॉल सुतीच घ्या. साधारण पाच इंच रुंद आणि अडीच ते पावणेतीन मीटर लांब मिळतो, त्यापेक्षा आखूड देत असेल तर परत द्या.

घरी आल्यावर फॉल पाण्यात भिजवा. हे टाळायचं नाही, सुती फॉल पहिल्या धुण्यात आटतो आणि तो साडीला शिवलेला असताना आटला तर काठ कायमचा गोळा होतो. सकाळी कुकर लावताना बादलीत टाकला की स्वयंपाक होईपर्यंत भिजतो. लाल, मरून, गडद निळा असेल तर रंग जायचा थांबेपर्यंत पाणी बदलत राहा आणि वाळत घालताना जरा डोकं वापरा, उन्हाळ्यात आमच्या गच्चीवर सगळ्यांच्या कुरडया पसरलेल्या असतात आणि त्यांच्या वरच्या दोरीवर ठिबकणारा मरून फॉल टाकला तर शेजारणी वर्षभर बोलणार नाहीत. सावलीत वाळवा, किंचित ओलसर असतानाच इस्त्री करा, पण ओढून ताणून नको, नाहीतर भिजवल्याचा उपयोग शून्य.

ब्लाउजपीस आधी कापून घ्या. तो कधी पदराच्या टोकाला असतो कधी आतल्या, नीट बघा, आणि मग कापलेल्या कडांना पिको (धागे सुटू नयेत म्हणून कडेची मशीनची बारीक शिलाई) करून आणा.

आता खालची कड कुठली. दोन्ही काठ सारखे असले की इथे भले भले गोंधळतात. साडी उलटी बाजू वर करून पसरा, पदर तुमच्या डाव्या हाताला येऊ द्या, की तुमच्या जवळची कड ती खालची. हातमागाच्या पैठणीची उलट सुलट बाजू पटकन कळत नाही कारण विणकाम दोन्हीकडून जवळपास सारखं दिसतं, पदर खिडकीपाशी धरून बघावा लागतो. मशीनवरच्या सेमी पैठणीला मागे दोरे सुटलेले असतात, तिथे प्रश्नच नाही, उलट तिथे फॉल हवाच कारण त्या दोऱ्यांत जोडवी अडकतात.

सुरुवात अगदी टोकापासून करू नका. आतलं टोक कमरेला खोचलं जातं आणि पहिला वेढा होईपर्यंत एक मीटरच्या आसपास साडी गेलेली असते, खरा फॉल लागतो तो त्यानंतरच्या निऱ्यांना. मी साधारण वीतभर जागा सोडून सुरू करते. अंगाने भरलेली बाई असेल तर हातभर सोडा, नाहीतर शेवटच्या दोन निऱ्या फॉलच्या बाहेर राहतात आणि त्या तेवढ्याच वेगळ्या लोंबतात.

फॉलची दोन्ही टोकं अर्धा इंच आत दुमडा, खालची कड साडीच्या कडेपासून एक दोरा आत ठेवा म्हणजे समोरून डोकावणार नाही, आणि शिवा. रोजच्या साडीला मशीनची सरळ शिलाई चालते. रेशमी आणि पैठणी असेल तर हातानेच, यावर माझ्याशी वाद घालू नका.

आता वरची कड. मला सगळ्यात जास्त छळलं ते हिने, खालची शिलाई रेघेसारखी यायची आणि वर कितीही जपून शिवलं तरी साडी उचलली की काठावर चुण्या दिसायच्या. बहुतेक ठिकाणी सांगतात हात हलका ठेवा, टाके बारीक घाला. अहो, चुण्या नुसत्या टाक्यांमुळे पडत नाहीत, बहुतेक वेळा त्या पडतात मांडीवर घेऊन शिवल्यामुळे. साडी मांडीवरून खाली घसरत असते, तिच्या वजनाने ती ताणली जाते, फॉल मात्र तुमच्या हातात सैल असतो, मग दोन कापडं वेगवेगळ्या ताणात शिवली जातात आणि उचलली की आपापल्या जागी जायला बघतात. त्यामुळे टीव्हीसमोर सोफ्यावर बसून फॉल लावायचा नाही. डायनिंग टेबल रिकामं करा, पुसा, कोरडं करा, हळदीचा डाग कुठे राहिलाय का बघा, आणि बाकीची साडी खुर्चीवर ठेवा म्हणजे लोंबून ओढणार नाही. टेबल नसेल तर जमिनीवर चादर टाकून बसा. पलंग नको, गादी दबते.

साडी सपाट पसरली की फॉलवरून तळहात खालच्या शिलाईकडून वरच्या कडेकडे फिरवा, नुसता फिरवा, दाबून ओढू नका. मग कच्चा टाका घाला. टाचण्या लावल्या की झालं असं जे सांगतात त्यांनी रेशमावर टाचणीचं भोक कधी बघितलेलं नसावं, शिवाय टाचणी काढली की कापड सरकतंच. चार बोटांच्या अंतराने लांब लांब धावदोरा, आधी फॉलच्या मधोमध एक ओळ, मग वरच्या कडेलगत दुसरी. दुसऱ्या रंगाचा दोरा घ्या म्हणजे काढताना शोधत बसावं लागत नाही.

आणि इथे थांबा. साडी दोन्ही हातांनी वरून धरून उभी उचला आणि सुलट बाजूने काठ बघा. काठ फुगलेला किंवा गोळा झालेला दिसला तर फॉल ताठ बसलाय, उसवा आणि परत घाला. फॉल मागे अगदी किंचित सैल वाटत असेल तर उत्तम, तसाच हवा, कारण भिजवलेला असला तरी पुढच्या धुण्यात तो अजून जरासा आटतोच. मोठा झोल मात्र नको, त्यात अंगठा अडकतो. कच्चा टाका उसवायला पाच मिनिटं लागतात, पक्की शिलाई उसवायला अख्खी संध्याकाळ आणि रात्री सगळ्यांना खिचडी.

पक्क्या टाक्याला एकेरी दोरा, दुहेरी अजिबात नाही. दोरा हातभरच घ्या, लांब घेतला की गुंता होतो. रेशमाला सुती किंवा रेशमी दोरा वापरा, पॉलिस्टरचा दोरा मजबूत असतो आणि वर्षानुवर्षं घासून रेशीम तोच कापतो. दोऱ्याचा रंग कुठला, तर वरची कड जिथे पडेल तिथला. काठ पाच इंचांपेक्षा रुंद असेल तर काठाचा रंग, अरुंद असेल तर वरची कड साडीच्या अंगावर पडते, मग अंगाचा रंग. हे कोणी सांगत नाही आणि मग हिरव्या साडीवर लाल ठिपक्यांची रांग दिसते.

गाठ फॉलच्या आत लपवा. साडीचा एकच धागा सुईवर उचला, सुई फॉलच्या कडेतून पुढे न्या, बाहेर काढा, परत एक धागा. दोन टाक्यांत एक सेंटीमीटरपेक्षा जास्त अंतर नको, नाहीतर जोडवी आणि पैंजण बरोबर तिथे घुसतात. दर वितीला एक उलटा टाका घालून दोरा पक्का करा, पुढे कधी एका जागी तुटला तर वीतभरच उसवेल, पूर्ण फॉल लोंबणार नाही. जरीचं काम असेल तिथे सुई जरीच्या तारेतून आरपार घालू नका, दोन तारांच्या मधून काढा. दोरा ओढून घट्ट केला की समोर खळगा पडतो, सुई निघाली की दोरा नुसता पोचू द्यायचा.

कच्चे टाके काढा. फॉलच्या बाजूने, रेशमावर सुती रुमाल ठेवून इस्त्री.

घडी घालण्याआधी साडी एकदा नेसा, समारंभाला घालणार असाल तीच चप्पल पायात, आणि खालचा काठ दुसऱ्या कोणाला तरी बघायला सांगा. आमच्याकडे ही तपासणी सासूबाई करतात, चष्मा लावून, खाली बसून.

जुना फॉल बदलायचा असेल तर तो ब्लेडने उसवू नका, बारीक टोकाच्या कात्रीने फॉलच्या बाजूने दोरा कापत जा. निघालेला फॉल धुऊन ठेवा, दुहेरी शिवला की बाजाराच्या पिशवीला चांगले बंद होतात.