आठव्या राऊंडला रेस सोडावीशी वाटते तेव्हा काय करायचं

पाच हजार मीटर म्हणजे साडेबारा राऊंड. पहिले चार कुणीही पळतं, शेवटचे दोन कसेही निघतात, खरी मारामारी सातव्यापासून दहाव्यापर्यंत असते, आणि एका नॅशनलला मी नेमकं आठव्या राऊंडला ट्रॅकच्या आत पाऊल टाकलं आणि उभी राहिले. पाय दुखत नव्हते, गोळा आला नव्हता, दम लागला होता पण तो तर रोजच लागतो. डोक्यात फक्त एवढंच आलं की आता होणार नाही, आणि पायांनी ते लगेच ऐकलं. माझं बेस्ट १७ मिनिटं ५ सेकंद होतं, म्हणजे ८२ सेकंदांचा एक राऊंड. त्यानंतर दीड वर्ष मी १८ च्या आत आले नाही. स्पोर्ट्स कोट्यातली नोकरी, म्हणजे पळणं हेच काम, त्यामुळे ऑफिसात रोज कुणीतरी विचारायचं, काय मॅडम, यंदा मेडल कधी?

आता मी नाशिकमध्ये मुलामुलींना पळायला शिकवते आणि दर सीझनला दोन-तीन जण हेच घेऊन येतात. त्यांना सगळ्यांनी आधीच सांगितलेलं असतं की पॉझिटिव्ह रहा. कसं राहायचं ते कुणी सांगत नाही, म्हणून मला जे कामाला आलं ते इथे लिहितेय.

सगळ्यात आधी रक्त तपासा. मनाचा विषय चाललाय आणि ही रक्त काय काढायला सांगते असं वाटेल, पण खरंच आधी हेच करा. हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, डी व्हिटॅमिन, थायरॉइड. फेरिटिन म्हणजे शरीरात साठवलेलं लोह, आणि गंमत अशी की हिमोग्लोबिन ठीक दिसतं तरी हा साठा तळाला गेलेला असू शकतो. लांब पळणाऱ्यांचं लोह घामातून जातं, मुलींचं पाळीतून जातं, वर आपलं जेवण बऱ्याचदा पोळी-भाजी-वरण एवढंच. माझं फेरिटिन ९ निघालं. म्हणजे मी वर्षभर स्वतःला भित्री म्हणत होते आणि टाकीत पेट्रोलच नव्हतं. गोळ्या मात्र मनाने सुरू करायच्या नाहीत, डॉक्टरांना विचारून घ्यायच्या, आणि प्रॅक्टिस संपल्यावर टपरीवर चहाबरोबर तर अजिबात नाही, चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही.

मुलींसाठी अजून एक, आणि हे मी कॅम्पमध्ये सगळ्यांसमोर मोठ्याने सांगते. पाळी तीन महिने आली नाही तर ती फिटनेसची खूण नाही. जेवढं जाळताय तेवढं खात नाही आहात असा बहुतेक वेळा त्याचा अर्थ असतो, त्याने हाडं कमजोर होतात, चिडचिड वाढते, झोप जाते आणि टायमिंग पडतं. आईला सांगा, डॉक्टरकडे जा.

माझं लोह तीन-चार महिन्यांत भरलं. वर्कआउट छान व्हायला लागले. पण रेसमध्ये आठवा राऊंड आला की तेच! कारण शरीर सुधारलं तरी डोक्याला सवय लागली होती की इथे थांबायचं असतं, आणि खरं काम तिथून पुढे सुरू झालं.

तर दुसरं काम, तुमचा आठवा राऊंड शोधा. "माझा कॉन्फिडन्सच गेलाय" हे वाक्य फार मोठं आहे, एवढ्या मोठ्या गोष्टीवर प्रॅक्टिस करता येत नाही. नेमकं कुठे जातं ते बघा. बॅट्समन असाल तर कुठल्या बॉलला, कबड्डीत असाल तर रेडला बोनस लाइन ओलांडताना का परत फिरताना, शूटिंगला असाल तर कितव्या शॉटनंतर. सचिन तेंडुलकर २००३-०४ च्या ऑस्ट्रेलिया टूरला ऑफ स्टंपच्या बाहेरच्या बॉलवर फसत होता, तर सिडनीत त्याने कव्हर ड्राइव्हच बंद ठेवला आणि नाबाद २४१ काढले. अख्खी बॅटिंग बदलली नाही, एक शॉट खिशात ठेवला.

मी काय केलं सांगते. आठवड्यातून एकदा सात राऊंड ९२ ने, म्हणजे गप्पा मारता येणार नाहीत पण जीवही जाणार नाही असे, आणि आठवा-नववा ८२ ने, रेस पेसला, आणि मग थांबायचं, बास. पूर्ण पाच हजार पळायचंच नाही. पाच-सहा आठवड्यांत असं झालं की सातवा संपत आला की शरीर आपोआप उठायला लागलं, कारण आठवा म्हणजे जोरात सुटायचं हे आता त्याच्या अंगवळणी पडत होतं. तुमच्या खेळात ह्याचं रूप वेगळं असेल पण तत्त्व हेच, जिथे मोडताय तिथपर्यंत ताजे पोचा, तिथे चांगलं करा आणि चांगलं झाल्या झाल्या संपवा.

पण ह्याला एक अपवाद आहे. जिम्नॅस्टिक्स, डायव्हिंग असं काही करत असाल आणि हवेत असताना आपण कुठे आहोत तेच कळेनासं झालं तर जोर लावायचा नाही, थांबायचं. अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स टोकियो ऑलिंपिकला तशीच थांबली होती, बहुतेक फायनल सोडल्या, फक्त बॅलन्स बीमवर परत आली आणि ब्राँझ घेतलं, मग २०२४ ला पॅरिसमध्ये तीन गोल्ड. पळताना चुकलं तर टायमिंग जातं, तिथे मान मोडते.

घड्याळ पंधरा दिवस घरी ठेवा. फोनमधली पळण्याची ॲपसुद्धा काढा, दुसऱ्याने पांडवलेणीच्या पायऱ्या किती मिनिटांत चढल्या हे कळून तुम्हाला काडीचा उपयोग नाही. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर लोक ओळखतात, थांबवून विचारतात, म्हणून ते पंधरा दिवस मी मुलांना सोमेश्वरकडे नेते, नाहीतर गंगापूर धरणाच्या बाजूला. झाडं, थोडा चढ, कुणी बघणारं नाही. बऱ्याच जणांना तिथे पहिल्यांदा आठवतं की आपण पळायला का लागलो होतो.

वही ठेवा, पण टायमिंगची नाही, ती तर सगळेच ठेवतात. दिंडोरीकडची एक मुलगी माझ्याकडे आहे, तिच्या वहीत आधी नुसते आकडे असायचे आणि खाली "खराब", "परत खराब" असं, दोनदा अधोरेखित केलेलं, एका पानावर तर पेनने कागदच फाटलेला. तिला म्हटलं, आकडे मी लिहिते, तू फक्त लिही की अवघड झालं तेव्हा तू काय केलंस. पहिल्या दिवशी तिने लिहिलं, "चौथ्या फेरीला उजवा खांदा वर गेला. कळलं. खाली सोडला." एवढंच. दोन महिन्यांत अशा एकतीस ओळी जमल्या, आणि रेसच्या आदल्या संध्याकाळी तिने त्या एका दमात वाचून काढल्या. तू भारी आहेस असं मी शंभरदा म्हटलं असतं तरी तिला पटलं नसतं, पण स्वतःच्या अक्षरातलं खोटं कसं म्हणणार?

त्यातूनच तिला शब्दही मिळाला, "खांदा". रेसमध्ये डोकं बडबडायला लागलं की ती तेवढंच म्हणते. हे का चालतं, तर वर्षानुवर्षं केलेली हालचाल शरीर आपोआप करतं, आपण घाबरून तिच्यावर पहारा ठेवायला लागलो की ती बिघडते, जिना उतरताना प्रत्येक पायरी मोजायला गेलं की पाय अडखळतो ना, तसं. डोक्याला एक छोटं काम दिलं की ते बाकीच्यात नाक खुपसत नाही.

आदल्या रात्री झोप लागत नाही हा प्रत्येकाचा प्रश्न. सचिनने स्वतः सांगितलंय की दहा-बारा वर्षं मॅचच्या आधी त्याला झोप लागायची नाही, मग त्याने ते मान्य केलं, चहा करायचा, कपडे इस्त्री करायचा, बॅग भरायचा. तुम्हीही किट भरा, नंबर पिनने लावा, स्पाइक्स तपासा. एका रात्रीच्या कमी झोपेने रेस जात नाही, त्याच्या आधीच्या दोन-तीन रात्री सांभाळा. पडल्या पडल्या चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर, पाच मिनिटं. बाहेरचा श्वास लांबला की ठोके खाली येतात, हे स्टार्ट लाइनच्या आधीही चालतं.

आपल्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ माहीत असेल. विहिरी खोदायचं काम केलेला पोरगा, सैन्यात जाऊन रोइंग शिकला, रिओ ऑलिंपिकला तेरावा आला. २०१८ च्या एशियन गेम्समध्ये सिंगल स्कल्सच्या, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या फायनलला तो शेवटचा आला. दुसऱ्याच दिवशी चौघांच्या बोटीत बसला आणि गोल्ड घेऊन आला. एका रात्रीत त्याने कुठून कॉन्फिडन्स आणला असेल? मला वाटतं त्याची वाट बघत तो बसलाच नसेल, बोटीत अजून तीन जण होते, वल्हं हातात होतं. मुलांना मी हेच सांगते की आधी वाटायला पाहिजे आणि मग करायचं असा क्रम ठेवलात तर फार थांबावं लागेल. आणि एकट्याने अडकला असाल तर रिलेत, टीममध्ये पळा थोडे दिवस.

आता घरच्यांसाठी. आपल्याकडे बरीच मुलं शेतकऱ्यांची, कांद्याच्या पैशातून स्पाइक्स आलेत हे पोराला पाठ असतं, तुम्ही बोलला नाहीत तरी. तेव्हा एकदा तोंडाने सांगून टाका की ते पैसे गेले, त्याचा हिशोब नाही. रेसनंतर गाडीत "काय झालं तुला?" विचारू नका. जेवलीस का, एवढं पुरे. आणि कोच लोकांनो, माझ्या तेव्हाच्या कोचने सगळ्यांसमोर म्हटलं होतं, तुझ्यात दमच नाही, आणि मी ते वर्षभर खरं मानलं. जे सांगायचं ते बाजूला घेऊन सांगा.

ह्या सगळ्यापलीकडचंही एक असतं. दोन आठवडे झाले तरी झोप नाही, जेवण जात नाही, आवडतं तेही नकोसं झालंय, रडू येतं किंवा काहीच वाटत नाही, तर वह्या आणि श्वास पुरणार नाहीत, मानसोपचार तज्ज्ञ लागतो. जगू नये असं एकदा जरी मनात आलं तरी त्याच दिवशी कुणाला तरी सांगा, टेली मानस १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. हे हरल्यावरच होतं असंही नाही, नेमबाज अभिनव बिंद्राने २००८ च्या ऑलिंपिक गोल्डनंतर आलेल्या पोकळीबद्दल उघड सांगितलंय. बऱ्याच जणांना औषधांची भीती डोपिंगमुळे वाटते. डिप्रेशनची नेहमीची औषधं बंदीच्या यादीत नाहीत. पण एकाग्रतेसाठी देतात ती काही उत्तेजक औषधं बंदीत येतात, आणि ठोके कमी करणारी बीटा ब्लॉकर नेमबाजी, तिरंदाजीसारख्या खेळांत चालत नाहीत, म्हणून खेळाडू आहे हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगायचं आणि चिठ्ठी जपून ठेवायची.

शेवटी परतीची रेस. छोटी निवडा, जिथे तुमचं नाव कुणी घेत नाही, स्टेटस टाकू नका. टार्गेट टायमिंगचं नको, आठवा राऊंड सातव्यापेक्षा हळू जाऊ द्यायचा नाही एवढंच. माझी तशी रेस १७:५१ ला संपली, मी पाचवी आले, आणि आठवा ८४ चा होता, सातवा ८६ चा. त्या रात्री वहीत तेवढे दोनच आकडे लिहिले.