मराठवाड्यात कुत्रा-मांजर पाळताय? सुरुवात लसीच्या कार्डापासून करा

पिल्लू घरी आलं की पट्टा आणि साखळी लगेच येते, लसीचं कार्ड मात्र मागे पडतं. पहिलं काम तेच करा. कुत्र्याचं पिल्लू ६ ते ८ आठवड्यांचं झालं की पार्वो आणि डिस्टेंपर या जीवघेण्या विषाणूजन्य आजारांवरची पहिली लस द्यायची. पुढचे डोस ३-४ आठवड्यांच्या अंतराने, पिल्लू १६ आठवड्यांचं होईपर्यंत. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यानंतर, पुढे डॉक्टर सांगतील तशी. मांजरालाही रेबीज होतो, त्यामुळे तिलाही ही लस हवीच. लसीच्या बाटलीवरचं स्टिकर कार्डावर चिकटवून घ्या, शेजारी तारीख, सही आणि शिक्का. हे कार्ड पुढे पैशांच्या वेळीही लागणार आहे. तालुक्याच्या दवाखान्यात निदान होत नसेल तर परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, हे लक्षात असू द्या.

आपल्याकडची खरी परीक्षा एप्रिल-मे महिन्यांत. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंग थंड करतो. म्हणून पत्र्याच्या शेडखाली किंवा गच्चीवर त्याला बांधू नका. फिरवायला सकाळी लवकर न्या. संध्याकाळी आधी डांबरावर हाताची मागची बाजू टेकवून बघा. तुम्हाला चटका बसला तर त्याचेही पाय पोळणार. जोरात धाप, घट्ट लाळ, लालभडक हिरड्या, झोकांड्या जाणं, ही उष्माघाताची लक्षणं. लगेच सावलीत घ्या, साध्या पाण्याने भिजवा, पंखा लावा आणि तसंच दवाखाना गाठा. ओलं गोणपाट अंगावर टाकून ठेवायची सवय अनेकांना असते, पण त्याने उष्णता आतच कोंडते. गोणपाट खाली अंथरा.

गोचीड रोज बघा: कानात, बोटांच्या बेचक्यांत, पट्ट्याखाली. गोचीडतापात कुत्रा खाणं सोडतो, हिरड्या पांढुरक्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. बैला-म्हशीचं गोचिडाचं औषध अंदाजाने लावू नका. मांजराच्या बाबतीत तर जास्तच जपा. परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेली गोचिडाची औषधं तिला विषासारखी आहेत आणि पॅरासिटामॉलची एक गोळीही जीव घेऊ शकते.

शेतातल्या आखाड्यावर कुत्रा असेल तर कापसावर फवारणी असेल त्या दिवशी त्याला घरी ठेवा. विषबाधेचा संशय आला तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. औषधाची बाटली सोबत घेऊन थेट डॉक्टरांकडे जा.

आता पैशांचं. काही सर्वसाधारण विमा कंपन्या कुत्र्याचा विमा देतात, मांजरासाठी पर्याय कमी आहेत. वयाची अट, सुरुवातीचा प्रतीक्षा काळ (ज्यात दावा मिळत नाही) आणि आधीच्या आजारांबद्दलचं कलम सही करण्याआधी वाचा. कुत्रा दुसऱ्याला चावला तर भरपाई त्यात बसते का, हे नक्की विचारा. लस वेळेवर दिलेली नसेल तर त्या आजाराचा दावा सहसा नाकारला जातो. तिथे ते कार्डच कामाला येतं. दवाखान्याची प्रत्येक पावती आणि चाचणीचा अहवाल त्याच कार्डासोबत ठेवा, मोबाईलमध्ये फोटोही काढून ठेवा.

विमा घ्यायचा नसेल तर बँकेत वेगळं बचत खातं उघडून दर महिन्याला जमेल ती रक्कम टाका. मुदत ठेवीत सगळे पैसे अडकवू नका, ऑपरेशन रात्री-अपरात्रीही करावं लागतं.