बायोस अपडेटनंतर पिन चालत नाही? आधी चिप बघा

एप्रिलचा तिसरा आठवडा. देवगडात या दिवसांत कोणाला मान वर करायला फुरसत नसते, आणि एक बागायतदार काका लॅपटॉप काखोटीला मारून दुकानात हजर. "माझोच लॅपटॉप, आणि माकाच आत घेणा नाय!" स्क्रीनवर इंग्रजीत लिहिलेलं, काहीतरी झालंय, तुमचा पिन उपलब्ध नाही. वाशीला गेलेल्या सगळ्या पेट्यांचा हिशोब आत. आदल्या रात्री बायोस (मशीन सुरू होताना विंडोजच्याही आधी चालणारं सॉफ्टवेअर) अपडेटची खिडकी आली आणि काकांनी 'ओके' दाबलं होतं. का, तर ती बंदच होईना म्हणून.

अशी गिऱ्हाइकं अधूनमधून येतातच, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतो.

लोकांना वाटतं पिन म्हणजे छोटा पासवर्ड. तसं नाही. पासवर्ड तुमच्या खात्याचा, पिन फक्त त्या एका मशीनचा. मशीनमध्ये टीपीएम नावाची सुरक्षा चिप असते (विंडोज 11 ला 2.0 आवृत्तीचीच लागते), खात्याची खरी किल्ली तिच्या पोटात असते आणि पिन टाकला की ती चिप किल्ली वापरू देते. बऱ्याच मशीनमध्ये ही चिप वेगळी नसतेच, प्रोसेसरच्या फर्मवेअरमध्येच (मशीनच्या भागांत बसवलेलं सॉफ्टवेअर, बायोसही त्यातलंच) असते. म्हणजे फर्मवेअर बदललं की चिपलाही धक्का लागू शकतो. कधी ती नुसती बंद होते, कधी कोरी होते. या दोन्हींत जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि घाईत नवा पिन करायला जाणारे नेमके इथेच फसतात.

काकांची चिप बंद झाली होती, एवढंच. अपडेटनंतर बायोसची सेटिंग्ज मूळ पदावर आली आणि त्यात ती गेली. मशीन सुरू होताना एफ2 किंवा डिलीट दाबून (कंपनीगणिक बटण वेगळं) बायोसमध्ये जायचं आणि सिक्युरिटीच्या पानावर शोधायचं. इंटेलच्या मशीनवर 'पीटीटी' असं नाव दिसेल, एएमडीवर 'एफटीपीएम', कुठे नुसतंच 'सिक्युरिटी डिव्हाइस'. ते चालू करायचं, सिक्युअर बूट (खात्रीचंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) आधी चालू असेल तर तेही पुन्हा चालू करायचं, आणि सेव्ह करून बाहेर. काकांचा जुनाच पिन चालला. पाच मिनिटांचं काम. पैसे घेतले नाहीत, पुढच्या आठवड्यात एक डझन आंबे आले.

त्याच पानावर 'क्लिअर टीपीएम' असाही पर्याय असतो. त्याला हात लावायचा नाही. एएमडीच्या काही मशीनवर अपडेटनंतर काळ्या पडद्यावर विचारतात: एफटीपीएम रीसेट करू का, वाय की एन? तिथे आधी एन. वाय दाबलंत की चिप कोरी, आणि ड्राइव्हला बिटलॉकरचं (डेटा सांकेतिक करून ठेवणारी विंडोजची सोय) कुलूप असेल तर रिकव्हरी की मिळाल्याशिवाय पुढे पाऊल नाही. की हातात आली की मग खुशाल वाय दाबा.

ही की म्हणजे 48 आकडे, सहा-सहाचे आठ गट. "मी असलं काही लावलेलंच नाही" हे मी सगळ्यांकडून ऐकतो. विंडोज 11 मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने मशीन सुरू केलं की होम आवृत्तीतही हे कुलूप आपोआप लागलेलं असू शकतं. तेव्हा दुसऱ्या फोनवरून किंवा मशीनवरून त्याच खात्यात जायचं, डिव्हाइसेसच्या पानावर की सापडते. की मागणाऱ्या निळ्या पडद्यावर कीची ओळख सांगणारी अक्षरं असतात, त्यांतली पहिली आठ जुळवून मगच आकडे टाका. एकाच खात्यावर तीन मशीन असली तर तीन की दिसतात.

चिप खरंच कोरी झाली असेल तर जुना पिन विसरा. 'आय फरगॉट माय पिन' दाबून नवा करायचा. त्याला इंटरनेट लागतं, खात्याचा पासवर्ड लागतो आणि बहुतेकदा ओटीपी. इथे आमच्याकडची खरी अडचण. खातं मुलाने काढून दिलेलं, नंबर त्याचा, आणि मुलगा संध्याकाळी सहाच्या गर्दीत डोंबिवली लोकलला लटकलेला. सणाला पोरं घरी आली की खात्यात आपलाही नंबर घालून घ्या.

आता अपडेटच्या आधीचं. 48 आकडे कागदावर उतरवा. लॅपटॉपवरच फाइल करून ठेवणारे महाभाग मी पाहिलेत. सेटिंग्जमध्ये साइन-इन ऑप्शन्समध्ये 'फक्त विंडोज हॅलो' (म्हणजे पिन, बोट किंवा चेहरा) अशा अर्थाचं बटण असतं, ते बंद करा, नाहीतर पासवर्ड टाकायची जागाच दिसत नाही. मग विंडोज आणि एल दाबून स्क्रीन लॉक करा आणि एकदा पासवर्डने आत येऊन बघा. आठवत नसेल तर आत्ताच कळेल. प्रो आवृत्ती असेल तर कंट्रोल पॅनेलमध्ये बिटलॉकरला 'सस्पेंड' करा. डेटा उलगडत बसत नाही, कुलूप तेवढं सैल होतं. अपडेटनंतर ते परत लागलंय ना, हे बघून घ्या.

आणि लाइट. बॅटरी भरलेली हवी, चार्जर लावलेला हवा, आणि डेस्कटॉप असेल तर इन्व्हर्टर किंवा यूपीएसशिवाय बायोसला हातच लावू नका. फर्मवेअर अर्धवट लिहिलं गेलं तर मशीन सुरूच होत नाही, मग पिनचा प्रश्न उरतच नाही. जूनमध्ये वारा सुटला की आमच्याकडे डीपीवर पहिली फांदी कधी पडेल सांगता येत नाही. मी पावसाळ्यात गिऱ्हाइकांची बायोस अपडेटं घेतच नाही, सरळ दिवाळीनंतर या म्हणतो.

काकांचे 48 आकडे आता रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकमध्ये आहेत.